आधी लोनाड, मग लडाख

बाय, विमानाचं तिकीट काढायच्या आधी एवढं ऐकून घे. तुम्ही लडाखला निघालात, तेही एका गावातून दुसऱ्या गावात पायी जायला, गोंपा म्हणजे बौद्ध मठ बघायला, माणसांच्या घरात राहायला, हे ऐकून मला फार आनंद झाला. आपल्या भिवंडीच्या टेमघरातून अमरनाथला जाणारे पुष्कळ. बुलेटवर खारदुंगला गाठून फोटो काढून परत येणारी पोरंही आता पुष्कळ झाली. गावात मुक्काम करणारे मात्र कमी. मी आयुष्यभर त्या वाटांवर हिंडले, तेव्हा माझ्याजवळ जे आहे ते तुला देते.

महिना सप्टेंबर धर. मे महिन्याची सुट्टी आपल्याला सोयीची, पण तेव्हा तिकडे थंडी नुकती सरत असते आणि उंच खिंडींत बर्फ असतो. जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी. सप्टेंबरात जवाची कापणी चालू असते, जर्दाळू छपरांवर वाळत घातलेले असतात, हवा स्वच्छ असते. त्या दिवसांत घरात कोणी रिकामं नसतं, हे भातशेतीच्या घरात वाढलेल्या तुला सांगायला नको. पेंढ्या बांधायला हात लाव. भाषा येत नसली तरी अर्ध्या दिवसात तू त्या घरातली होशील. हेमिसचा मुखवट्यांचा नाच बघायचाच असेल तर मात्र जून-जुलैत जावं लागेल. त्याची तारीख तिबेटी पंचांगावर ठरते आणि दरवर्षी बदलते, ती आधी विचारून घे.

आता वाट. तुझ्या नवऱ्याने मुंबई-लेह विमान बघून ठेवलंय असं कळलं. मला विचारशील तर कल्याणहून दिल्ली, तिथून कटरा, आणि आता कटऱ्याहून श्रीनगरपर्यंत रेल्वे झालीय ती धर. पुढे सोनमर्ग, झोजीला, करगिल, लामायुरू असं गाडीने. वेळ जास्त जातो, पण शरीराला पायरी-पायरीने वर जाता येतं. करगिल साधारण २,७०० मीटरवर आहे, तिथे एक रात्र काढलीस की पुढची चढण सोपी जाते. निघण्याआधी रस्ता चालू आहे का, काश्मीरमधली परिस्थिती कशी आहे, हे मात्र बघ. मनालीच्या बाजूने वर चढू नकोस. त्या रस्त्यावर सरचूचा मुक्काम ४,२०० मीटरच्या पुढे येतो, आणि खालून आलेल्या माणसाची ती रात्र डोकेदुखीत आणि ओकाऱ्यांत जाते. परतताना त्या वाटेने खुशाल या, तोवर अंगाला सवय झालेली असते.

रजा कमी आहे म्हणून विमानानेच जाणार असाल तर मग माझं एक ऐका. आपलं टेमघर खाडीकाठचं, समुद्राच्या जवळजवळ पातळीला. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई, तेही १,६४६ मीटर. लेह ३,५०० मीटर. तिथल्या प्रत्येक श्वासात इथल्यापेक्षा एक तृतीयांश प्राणवायू कमी असतो. उतरल्यावर पहिले काही तास काहीच होत नाही, उलट उत्साह चढतो. सामान टाकून माणसं शांतीस्तूपाच्या पायऱ्या चढायला पळतात. त्रास सुरू होतो सहा-बारा तासांनी, बहुधा रात्री. म्हणून विमानतळावरून गाडी करा आणि थेट अल्चीला जा. अल्ची सिंधूच्या काठी, साधारण ३,१०० मीटरवर, म्हणजे लेहपेक्षा खाली. दोन तासांचा रस्ता आहे. तिथे दोन रात्री राहा. पहिला दिवस नुसता झोपा, पाणी प्या, अंगणात बसा. बाहेरून आलेल्यांनी पहिले अठ्ठेचाळीस तास विश्रांती घ्यावी असं लडाखचं प्रशासनही सांगतं.

त्यानंतरचा नियम साधा आहे. तीन हजार मीटरच्या वर गेलं की आजचा झोपायचा मुक्काम कालच्यापेक्षा पाचशे मीटरहून जास्त उंचावर नको, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस आहे त्याच उंचीवर काढायचा. दिवसा उंच खिंड ओलांडून पलीकडे खाली उतरलात तर चालतं, झोप खाली हवी. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी घ्यायची की नाही, किती घ्यायची, हे निघण्याआधी डॉक्टरांना विचार. सल्फाच्या औषधांची ॲलर्जी असेल तर ते आधी सांग. पहिल्या दिवसांत दारू नको, झोपेची गोळी तर मुळीच नको. आणि कापूर. आपल्याकडची माणसं रुमालात कापूर बांधून हुंगत बसतात. कापराने प्राणवायू वाढत नाही, नाक तेवढं मोकळं वाटतं. त्याच्या भरवशावर कोणी वर चढत असेल तर त्याला अडव.

डोकं दुखणं, भूक न लागणं, मळमळ, एवढं झालं तर तिथेच थांबायचं, वर जायचं नाही. पण बसल्या जागी धाप लागली, खोकल्यात गुलाबी फेस आला, किंवा माणूस असंबद्ध बोलायला लागला, तर रात्र असो की पाऊस, खाली उतरायचं. शंका आली तर त्याला एका सरळ रेषेत, एका पावलाच्या बोटांना दुसऱ्याची टाच लावत चालायला सांग. तोल गेला तर सकाळची वाट बघू नकोस. जावईबापूंनाही सांग की डोकं दुखत असेल तर बोलायचं. दुखणं लपवणारा माणूस सगळ्या सोबत्यांना संकटात टाकतो.

हे थांबणं तुमच्या तरुण मनाला वेळ वाया गेल्यासारखं वाटेल. मी म्हणते, लडाख दिसतं ते याच थांबण्याच्या दिवसांत. पण त्यासाठी बघायची सवय हवी, आणि ती सवय इथे, घरी लागते. म्हणून येत्या एखाद्या रविवारी तुम्ही सगळे लोनाडला जा. आपल्याच भिवंडी तालुक्यात, सोनाळ्याच्या बाजूला. डोंगरात खोदलेलं लहानसं बौद्ध लेणं आहे, पाचव्या-सहाव्या शतकातलं मानतात. भिंतीवर राजदरबाराचा मोठा शिल्पपट आहे. आत आज खांडेश्वरी देवी आहे, गावची माणसं तिला हळदकुंकू वाहतात. तिथे मोबाइल खिशात ठेवून अर्धा तास काढ. आधी डोळे अंधाराला सरावू दे. मग बघ, उजेड कुठून येतोय. राजा कसा बसलाय, त्याच्या भोवती कोण उभं आहे, कोणाच्या अंगावर कुठला दागिना, कोणाचं तोंड कुणीकडे. भिवंडीत आपल्या कानांना लूमच्या खडखडाटाची सवय असते, शांततेत बसायचं तर तेही शिकावं लागतं.

लोनाड झालं की कान्हेरी. बोरिवलीच्या उद्यानात शंभरावर लेणी आहेत, सगळी बघत पळू नकोस. एक्केचाळीस क्रमांकाच्या लेण्यात अकरा मस्तकांचा अवलोकितेश्वर आहे, तो शोध. आणि नव्वद क्रमांकात जा, तिथे अवलोकितेश्वर मधोमध उभा आणि दोन्ही बाजूंना संकटात सापडलेली माणसं कोरली आहेत: आग, साप, चोर, बुडणारं जहाज. वाटेवरच्या माणसाचा पाठीराखा तो. आपल्या शेजारच्या कल्याणच्या व्यापाऱ्यांनी तिथे दानं दिली, त्यांचे शिलालेख अजून भिंतींवर आहेत. बंदरातून माल नेणाऱ्या माणसांना हा देव का हवा होता ते त्या भिंतीसमोर उभं राहिलं की कळतं. आता हाच अकरा मस्तकांचा अवलोकितेश्वर तुला लडाखच्या गोंपागोंपांत भेटेल, तिथे त्याला चेनरेझिग म्हणतात. मस्तकं एकावर एक रचलेली, हात पुष्कळ. पहिल्यांदा बघणारा बावचळतो, पण कान्हेरी बघून गेलेल्याला ती ओळखीची भेट असते.

अजिंठ्याला शाळेच्या सहलीत गेली होतीस, पण सतरा नंबरच्या लेण्याच्या ओसरीत भवचक्र रंगवलंय ते बाईंनी दाखवलं होतं का? पुसट झालंय, डावीकडच्या भिंतीवर आहे. जन्ममरणाचं चाक. लडाखमधल्या बहुतेक गोंपांच्या दारात तेच चाक ठळक रंगांत दिसतं: यमाने दातांत आणि नखांत धरलेलं, मधोमध कोंबडा, साप आणि डुक्कर, म्हणजे लोभ, द्वेष आणि मोह. दारात घाई करू नकोस. चार दिशांचे चार राजे आणि हे चाक बघूनच आत शीर. कुठल्याही लामाला चाकाचा अर्थ विचार, तो कंटाळणार नाही.

आता अल्चीबद्दल जरा सावकाश सांगते, कारण मला विचारशील तर सगळ्या लडाखात तुझ्यासाठी खरी जागा ती आहे. आठशे-नऊशे वर्षांपूर्वीचं ते मंदिर. बाहेरून मातीचं बुटकं घर वाटतं, डोंगरमाथ्यावर नाही, जर्दाळूच्या बागांत सपाटीवर आहे. रंगकाम काश्मिरी चित्रकारांच्या हातचं. त्यात सुमत्सेक नावाचं तीन मजली लहान देऊळ आहे. आत शिरलं की तीन कोनाड्यांत तीन प्रचंड मातीच्या मूर्ती, अवलोकितेश्वर, मैत्रेय आणि मंजुश्री. मस्तकं वरच्या मजल्यात गेलेली, खालून दिसतात ती पावलं आणि धोतरं. लोक मान वर करून चेहरा बघतात, फोटो काढायला मनाई आहे म्हणून हळहळतात आणि पाच मिनिटांत बाहेर पडतात.

तू धोतरं बघ. अवलोकितेश्वराच्या धोतरावर देवळं, वाडे, घोडेस्वार रंगवलेत. मैत्रेयाच्या धोतरावर गोल-गोल चौकटींत बुद्धाचं चरित्र आहे. मंजुश्रीच्या धोतरावर चौऱ्याऐंशी सिद्ध बसलेत, प्रत्येकाची बसण्याची ढब वेगळी. मग मान वर कर आणि छत बघ. फळ्यांवर कापडं रंगवली आहेत. खरी कापडं नव्हेत, कापडांची चित्रं: बांधणीसारखे ठिपके, पट्टे, चौकडे, वर्तुळांत प्राणी. छताला उंची वस्त्र ताणून बांधायची रीत होती, ती रंगांत उतरवली. त्या काळी काश्मीर, मध्य आशिया, हिंदुस्थान इथून कुठकुठली कापडं त्या दरीतून ये-जा करत होती, त्याचा नमुनासंग्रहच तो. बाय, तुझ्या आजोबांनी जन्म लूमवर काढला. तू स्वतः कापड बोटांत धरून ताणा-बाणा सांगतेस. पंडितांनी ग्रंथ लिहिलेत त्या छतावर, पण कापडाच्या गावच्या मुलीची नजर त्यांच्याजवळ नव्हती. कुठली नक्षी विणीतली असेल आणि कुठली रंगवून काढलेली, हे तू ओळखायचा प्रयत्न कर. रात्री मुक्कामावर वहीत आठवणीने काढून बघ, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन पडताळ. दोन रात्री थांबायला सांगते त्याचं हेही एक कारण.

बॅटरी बारीक उजेडाची घे, आणि लावायच्या आधी तिथल्या लामाला विचार. भिंतीला हात नाही, टेकायचं नाही, पाठीवरची सॅक बाहेर काढून ठेवायची. अरुंद दारातून वळताना सॅक घासते आणि शेकडो वर्षांचा रंग खाली येतो.

बाकी गोंपातल्या रीती तुला चटकन जमतील. चोर्तेन म्हणजे स्तूप, मंत्र कोरलेल्या मणी दगडांची भिंत, प्रार्थनाचक्र, सगळं उजव्या हाताला ठेवून जायचं, देवळात प्रदक्षिणा घालतो तसंच. गाडीवानसुद्धा जमेल तिथे चोर्तेनला डावीकडून वळसा घालतात. कोरलेला मणी दगड उचलून आणायचा नाही, कितीही सुंदर असला तरी. चपला आणि टोपी बाहेर. लामांची बैठक रिकामी दिसली तरी तिच्यावर बसायचं नाही, भिंतीकडेला बसायचं, पाय मूर्तीकडे करायचे नाहीत. कपाटात रेशमात गुंडाळलेल्या पोथ्या असतात, त्यांच्याखाली सॅक टेकवायची नाही. कुलूप दिसलं तर परत फिरू नकोस. किल्ली असणारा लामा गावातच कुठेतरी असतो, एखाद्या पोराला विचार, तो बोलावून आणेल. त्याने वेळ दिला, तर दानपेटीत टाकताना हात आखडू नकोस. पहाटेच्या पूजेला बसायचं असेल तर आदल्या दिवशी विचार आणि मधूनच उठून जाऊ नकोस. मधे चहा येईल, तो तुम्हालाही मिळेल.

तुमच्याबरोबर येणारी तुझी मैत्रीण विहारात त्रिशरण-पंचशील म्हणत वाढलीय, तिला आधी सांगून ठेव. आपल्याकडच्या विहारात बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर असते. तिकडे तारा आहे, गुरू पद्मसंभव आहेत, महाकाल आहे, उग्र चेहऱ्याचे, कवट्यांच्या माळा घातलेले रक्षकदेव आहेत. हा कुठला धर्म, असं पहिल्या दिवशी तिला वाटेल. ही वज्रयानाची वाट आहे, वेगळ्या इतिहासातून गेलेली, तिच्यातही शरण तीनच. रक्षकदेवांच्या खोलीत काही ठिकाणी बायकांना सोडत नाहीत. माझं मन तिथे दुखतं, तरी पाहुणी म्हणून मी उंबऱ्याबाहेर थांबते. आणि तिला म्हणावं, लामांशी बोल. नागपूरची १४ ऑक्टोबर १९५६ ची दीक्षा सांग. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात पासष्ट लाखांवर बौद्ध होते, देशातल्या बौद्धांपैकी तीन चतुर्थांशांहून जास्त, हेही सांग. तिथून ज्या गप्पा सुरू होतात त्या कुठल्या गाइडजवळ मिळत नाहीत.

चालण्याची वाट मी लिकिर ते तिंगमोसगांग सुचवीन. लिकिरहून यांगथांग, तिथून हेमिस शुक्पाचन, मग तिंगमोसगांग. सगळ्या खिंडी चार हजार मीटरच्या आतल्या, रोज संध्याकाळी एक गाव, रोज कोणाचं तरी घर. तंबू नको, खानसामा नको. लिकिरला मैत्रेयाची उंच सोनेरी मूर्ती उघड्यावर बसलेली आहे, आणि अल्चीची देखभालही याच गोंपाकडे आहे. यांगथांगला एक दिवस जास्तीचा असेल तर रिझोंगला जाऊन ये. शिस्तीला कडक म्हणून तो गोंपा नावाजलेला आहे. हेमिस शुक्पाचनला जुनिपरच्या जुन्या झाडांची राई आहे. शुक्पा म्हणजे जुनिपर, धूप म्हणून जाळतात, त्या झाडांना गाव पवित्र मानतं, फांदी मोडायची नाही. आणि टॅक्सीवाल्याशी बोलताना पूर्ण नाव सांग. नुसतं हेमिस म्हटलंस तर तो लेहच्या दुसऱ्या अंगाच्या मोठ्या हेमिस गोंपाला नेऊन सोडेल.

या गावांपर्यंत आता रस्ते पोहोचलेत, त्यामुळे काही टप्प्यांत गाडीरस्ता आडवा येतो. कोणी म्हणेल, मग चालता कशाला? रस्ता झाल्यामुळे तिथल्या बाळंतिणीला दवाखाना गाठता येतो. तो त्यांच्यासाठी झालाय.

चढ अवघड नाही, ऊन अवघड आहे. झाड गावात असतं, वाटेवर नसतं. सकाळी लवकर निघा, दुपारी वारा सुटायच्या आत मुक्काम गाठा. रुंद काठाची टोपी, गॉगल, ओठांना लावायला काहीतरी, माणशी तीन लिटर पाणी. नवे बूट तिथे घालून पाय फोडून घेऊ नका. आत्तापासून ते घालून चाला. पाऊस लागायच्या आत आसनगावला उतरून माहुली दोनदा चढून या. पावसाळ्यात ती वाट घसरडी होते, तेव्हा मलंगगडाच्या पायऱ्या आहेत. पाठीवर तेवढंच वजन घ्या जेवढं तिकडे घेणार आहात.

आता घरातलं. लडाखी घरात स्वयंपाकघर हीच बैठकीची खोली. मधे चूल, भिंतीवर चकचकीत तांब्या-पितळेची भांडी, कडेने गालिचे आणि पुढे बुटकी टेबलं. चुलीजवळची जागा मानाची असते, म्हणून दाखवतील तिथेच बस. टेबलावरून किंवा कोणाच्या पायांवरून ओलांडून जाऊ नकोस. चुलीत कागद, साल, कचरा टाकायचा नाही, तिच्यावर मोजे वाळत घालायचे नाहीत. चूल देवाची आहे. जुले हा एक शब्द नमस्काराला, आभाराला, निरोपाला पुरतो. घरातल्या आजीला पहिला जुले कर.

लोणी-मिठाचा गुरगुर चहा येईल. एक घोट घेतलास की पेला पुन्हा भरतील. पुरे झालं तर भरलेला पेला तसाच समोर ठेव आणि निघताना पिऊन उठ. छांग, म्हणजे जवाची दारू, पुढे केली तर ओठाला लावून ठेवलीस तरी मान राखल्यासारखं होतं. जेवणात भात मागू नकोस. तांदूळ तिकडे खालून, लांबून येतो, आणि एवढ्या उंचीवर पाणी ८७-८८ अंशांनाच उकळत असल्याने कुकरशिवाय शिजतही नाही. त्यांचा जव खा: भाजलेल्या जवाचं पीठ चहात कालवून मुटका करतात. थुक्पा खा, भाज्या घालून केलेलं स्क्यू खा. आपली आमसुलं, सुंठ, मेतकूट, शेंगदाण्याची चिक्की बॅगेत असू दे. मळमळताना आमसूल तोंडात धरलं की बरं वाटतं. सुकट-बोंबील मात्र नेऊ नकोस, जीव कितीही होवो. पोट भरायला लहान जीव फार मारावे लागतात म्हणून मासे टाळणारी घरं तिकडे पुष्कळ आहेत, आणि तो वास त्यांच्या एकुलत्या उबदार खोलीत आठवडाभर राहतो.

संडासाचं लाजू नकोस, नीट ऐक. जुन्या घरात तो वरच्या मजल्यावर असतो, जमिनीला भोक, खाली बंद खोली, कोपऱ्यात मातीचा ढीग आणि फावडं. काम झालं की फावड्याने माती लोटायची. पाणी ओतायचं नाही. पाण्याने सगळं कुजून वास सुटतो, कोरडं राहिलं तर वसंतात त्याचं खत होऊन शेतात जातं, त्या खतावर तो जव पिकतो जो तू खाणार आहेस. धुवायला कुठे जायचं ते घरातल्या बाईला विचार, ती जागा दाखवते. पाळी आली तर पॅड त्या भोकात टाकायचा नाही, कागदात गुंडाळून वेगळ्या पिशवीत लेहपर्यंत परत आणायचा. कप वापरायचा विचार असेल तर त्याची सवय इथे दोन-तीन महिने कर, तिकडे पहिला प्रयोग नको. अंघोळीचं पाणी मागू नकोस. ते कोणीतरी वाहून आणलेलं आणि गोवऱ्यांवर तापवलेलं असतं. ओल्या फडक्याने अंग पुसलं की भागतं. प्लास्टिकची बाटली विकत घेऊ नकोस, उकळलेलं पाणी स्टीलच्या बाटलीत भरून घे.

रोख रक्कम सुट्ट्या नोटांत लेहलाच काढून घे. इथलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड करून घे, आणि गावांत रेंज नसेल हे आईला आधीच सांग म्हणजे ती घाबरणार नाही. काही गावांत घरं पाळीपाळीने पाहुणे घेतात, म्हणजे पैसे सगळ्यांना मिळतात. तुमच्या वाट्याला आलेलं घर बदलून मागू नका. घासाघीसही नको. राहणं, जेवण, दुपारची शिदोरी एवढं त्या पैशांत असतं, आणि थंडीतले पाच-सहा महिने त्या घराला पाहुण्यांकडून काही मिळत नाही.

पोरांना गोळ्या-चॉकलेटं वाटू नकोस. त्यांचे दात किडतात, आणि पुढच्या वाटसरूसमोर ती हात पसरतात. द्यायचंच असेल तर गावातल्या शाळेच्या मास्तरांना काय हवंय ते विचारून त्यांच्या हातात दे. फोटो विचारून काढ. आजी नको म्हणाली तर हसून मोबाइल खाली ठेव, बहुतेकदा संध्याकाळी तीच दागिने घालून समोर बसते. आणि काढलेस, तर ते तिला मिळायला हवेत. किती जण पाठवतो म्हणतात आणि विसरतात, ती घरं मग पुढच्याचा शब्द धरत नाहीत. घरातल्या शिकलेल्या मुलाकडून पत्ता पिनकोडसकट वहीत लिहून घे. परत आलीस की त्याच आठवड्यात धामणकर नाक्यावर फोटो छापून घे, जाड पाकिटात पुठ्ठा घालून स्पीड पोस्टाने पाठव. बर्फाने खिंडी बंद व्हायच्या आत पाकीट पोहोचायला हवं, म्हणजे दिवाळीची वाट बघू नकोस.